वरच्या मजल्याच्या मुलाखती

सुधाकररावांनी वरचा मजला बांधला तो चिन्मयसाठी. चिन्मय पुण्याला इंजिनिअर होता आणि आज ना उद्या तो नांदुऱ्याला परत येईल, असं जगात फक्त एकाच माणसाला वाटत होतं. त्या माणसाने गॅलरीला स्टीलचा कठडा लावला, बाथरूममध्ये गुलाबी फरशी बसवली आणि जिन्याला वेगळं दार ठेवलं, कारण नव्या सुनेला मोकळेपणा हवा. पुढे सून आली. इरा तिचं नाव. तिने वरचा मजला फिरून पाहिला, "छान आहे हं, बाबा" म्हणाली आणि सत्यनारायण आटोपल्यावर नवऱ्यासोबत पुण्याला निघून गेली. गॅलरीत मग सुधाकररावांच्या बायकोच्या, प्रतिमाबाईंच्या, कुरडया वाळू लागल्या.

"भाड्यानं देऊन टाका," प्रतिमाबाई एक दिवस म्हणाल्या. "वरून कोनाचे तरी पाय वाजले तं बरं वाटन."

सुधाकररावांची सारी नोकरी तहसील कचेरीत गेली होती. खिडकीच्या आत बसून बाहेरच्या माणसाचा अर्ज परत करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी जीव लावून केलं. पहिल्याच फेरीत त्यांच्या हातून सुटलेला अर्ज तालुक्यात कोणी पाहिला नव्हता. कधी शिक्का पुसट असायचा, कधी सही तिरपी, आणि दोन्ही ठीक असलं तर साहेब दौऱ्यावर असायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना पगारापेक्षा त्या खिडकीची जास्त आठवण यायची. भाडेकरू ठेवायचा म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आता लोक पुन्हा आपल्याकडे काहीतरी मागायला येणार. त्या दिवशी त्यांनी सकाळीच दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

बैठकीच्या खोलीत त्यांनी स्वतःची हातांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून मांडली. समोर एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. फाटकावर पाटी लावली: 'वरचा मजला भाड्याने देणे आहे. फक्त सुसंस्कृत कुटुंबासाठी.'

"सुसंस्कृत म्हंजे कोन?" प्रतिमाबाईंनी विचारलं. त्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या. कोणताही शब्द अर्थ विचारल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची सवय.

"ज्याले समजाचं त्याले समजते," सुधाकरराव म्हणाले.

पहिला आला तो वडनेर भोलजीच्या बँकेतला अधिकारी. आधी त्याने फोनवर "बँकेतून बोलतो, घर पाहायचं होतं" एवढंच सांगितलं होतं. मोटारसायकल नीट सावलीत लावून, चपला बाहेर काढून तो आत आला. सुधाकरराव मुलाखतीत पुस्तकी मराठी बोलत. घरात त्यांचं आपलं वऱ्हाडीच चाले, पण खिडकीची भाषा वेगळी.

"बँकेत आपला हुद्दा काय?"

"सहायक व्यवस्थापक. बायको अकोल्याला आहे, तिची बदली झाली की तीही येईल."

"वा! स्थिर नोकरी, लहान कुटुंब. असाच माणूस आम्हाला हवा होता." सुधाकरराव खुलले. त्यांनी स्वतः वर नेऊन गुलाबी फरशी दाखवली, गॅलरीतून दिसणारी संत्र्याची झाडं दाखवली. "आणि पाण्याची तर अजिबात चिंता नाही. सगळं गाव टँकरमागे पळतं ना, तेव्हाही आमच्या बोअरला पाणी असतं. मे महिन्यातसुद्धा."

खाली येऊन दोघं बसले. प्रतिमाबाईंनी चहा आणला.

"बरं, आपलं नाव विचारायचं राहिलंच."

"धम्मदीप."

सुधाकररावांनी बशीत चहा ओतला. तो बराच वेळ फुंकला. "छान नाव आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "फक्त एक आहे. पाण्याचा जरा त्रास आहे आमच्याकडे."

"तुम्ही तर आत्ताच म्हणालात, मेमध्येही पाणी असतं."

"असतं, असतं. पण दाब नसतो वरच्या मजल्यावर."

धम्मदीपने कप खाली ठेवला. "माझं नाव ऐकून कमी झाला का काका, दाब?"

त्याचा आवाज चढला नाही, चेहराही हलला नाही. उरलेला चहा त्याने पूर्ण प्यायला, "चहा छान होता, काकू" असं प्रतिमाबाईंना सांगितलं आणि चपला घालून गेला. सुधाकररावांनी खुर्चीच्या हातावरची नसलेली धूळ झटकली.

"काऊन नाही म्हटलं त्या पोराले?"

"मी कुठी नाही म्हटलं? पान्याचं सांगतलं फक्त."

"दर चौदा एप्रिलले कचेरीतल्या कार्यक्रमात भाषण कोन करे? समता, बंधुता, टेबलावर हात आपटू आपटू?"

"ते ऑफिस होतं," सुधाकरराव म्हणाले. "हे घर हाये."

दुसऱ्या आठवड्यात बिलकिसच्या ओळखीने नौशाद आणि महनूर आले. बिलकिस म्हणजे प्रतिमाबाईंची शाळेतली सोबतीण. एका वर्गखोलीत मधे फळा टाकून दोघींनी वर्षानुवर्षं दोन वर्ग शिकवले होते, आणि निवृत्तीनंतरही बिलकिस दर गुरुवारी चहाला येत असे. महनूर तिच्या बहिणीची मुलगी. ती कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत होती आणि नौशादने संग्रामपूरहून येऊन स्टँडजवळ औषधांचं दुकान टाकलं होतं.

इथे नाव विचारायची गरजच पडली नाही. त्यामुळे सुधाकररावांना तयारीला वेळ मिळाला होता.

"आमच्याकडे सामिष चालत नाही," त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. "तेवढी एक अट."

"मग काही टेन्शनच नाही, काका," महनूर म्हणाली. "आम्ही घरी नाही शिजवणार. तसाही मले सैपाकाचा कंटाळाच हाये."

"तिचा सैपाक म्हणजे वरण-भात," नौशाद हसून म्हणाला. "तोही सोमवारी केला तर बुधवारपर्यंत पुरवते."

हे उत्तर सुधाकररावांच्या तयारीत नव्हतं. "नाही, पण प्रश्न वासाचा आहे."

"शिजवलंच नाही तर वास कशाचा येणार?" महनूरने गणिताच्या बाईसारखंच विचारलं.

सुधाकररावांनी घाम पुसला. "माझं काही नाही हो! आमच्याकडे तसं काही नसतं. बिलकिसताई घरच्यासारख्या येतात. पण कॉलनी आहे ना. शेजारी शालिग्रामजी आहेत, जुन्या वळणाचे. उगाच तुम्हालाच त्रास व्हायचा."

शेजारच्या शालिग्रामजींनी आयुष्यात कोणाला त्रास दिला नव्हता. ते त्या वेळी गच्चीवर उघडेबंब बसून रेडिओ ऐकत होते आणि खाली आपल्या नावावर काय काय जमा होतंय, याची त्यांना कल्पना नव्हती. नौशाद त्यांच्याकडे पाहून हात हलवून गेला. त्यांनीही हलवला.

संध्याकाळी सुधाकरराव नेहमीसारखे फिरायला निघाले आणि नेहमीसारखे रेल्वे फाटकाजवळ गुलाम रसूलच्या गाडीवर थांबले. तिथली अंडा भुर्जी ते नोकरीत असल्यापासून खात. घरी याचा पत्ता नाही, असं ते समजत. शर्टाला येणारा कांद्या-मिरचीचा वास प्रतिमाबाई वर्षानुवर्षं धुवत होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

"मिळाला का साहेब, किरायदार?" गुलाम रसूलने तव्यावर उलथणं वाजवत विचारलं.

"कुठी मिळते बे," सुधाकरराव पाव मोडत म्हणाले. "चांगली मानसंच नाही राह्यली दुनियेत. मिरची टाक अजून थोडी."

त्या गुरुवारी बिलकिस आली नाही. पुढच्या गुरुवारी आली, चहा प्यायली, गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलली आणि भाचीचा विषयही काढला नाही. जाताना मात्र तिने सुधाकररावांना "येते, भाऊसाहेब" म्हटलं. इतकी वर्षं ती त्यांना नुसतं "भाऊ" म्हणत होती.

याच सुमारास चिन्मयचा पुण्याहून फोन आला. जुना फ्लॅट सोडून त्याला आणि इराला दुसरा घ्यायचा होता. एक पसंतही पडला होता, पण मालकिणीने नाही म्हटलं.

"काऊन? काय खोट काढली?"

"फोनवर माझं बोलणं ऐकलं ना बाबा. म्हणाली, विदर्भाकडचे का तुम्ही? नको मग. तुमच्याकडची माणसं फार मोठ्यानं बोलतात आणि रोजच्या ठेच्याचा ठसका आमच्या बिल्डिंगला सोसत नाही."

सुधाकररावांचा चेहरा लाल झाला. "अरे मानसाले पाह्यलं नाही, काही नाही, आन् बोलन्यावरून ठरवते? इंजिनिअर हाये तू! कोन्या जमान्यात राह्यते ती बाई? नंबर दे मले तिचा! ग्राहक मंचात खेचतो तिले!" त्यांचा आवाज एवढा मोठा झाला की शालिग्रामजींनी रेडिओ बारीक केला.

प्रतिमाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं.

आणि मग आल्हाद आणि हिमानी आले.

आल्हाद एका बियाणे कंपनीत विभागीय अधिकारी होता. त्याच्या कपाळावर चंदनाचं बोट होतं, हिमानीच्या हातात प्रसादाचा डबा. दोघं आत आले आणि स्टुलाकडे न पाहता वाकून सुधाकररावांच्या पाया पडले. बोलता बोलता निघालं की आल्हादच्या आईचं माहेर मेहकरचं, आणि मेहकरच्या ज्या घरात ती वाढली, त्या घरात सुधाकररावांच्या आत्याची नणंद दिली होती.

"म्हणजे आपल्यातलेच!" सुधाकरराव खुर्चीतून उठले.

त्यांनी पगार विचारला नाही, आधीच्या घरमालकाचा नंबर मागितला नाही, आधीचं घर का सोडलं हेही विचारलं नाही. एकही प्रश्न न विचारता मंजूर झालेला हा त्यांच्या हातचा पहिलाच अर्ज.

"आमचीच एक छोटीशी विचारणा होती, काका," आल्हाद हात जोडून म्हणाला. "घरात कांदा-लसूण असतो का?"

"ते आपलं थोडंफार," सुधाकरराव हसत म्हणाले.

"हरकत नाही," आल्हादही हसला. "सुटेल हळूहळू."

सुधाकररावांना वाटलं, किती विनयशील मुलगा आहे.

सुरुवातीचे दिवस गोड गेले. हिमानी वाटीभर शिरा खाली पाठवायची. एकदा आल्हाद जिन्यात थांबून म्हणाला, "काका, सकाळी आमची पूजा चालते, त्या वेळी लसणाची फोडणी टाळता आली तर बरं होईल. वास थेट देवघरात येतो." सुधाकररावांनी फोडणीची वेळ बदलून घेतली. मग संध्याकाळच्या आरतीचं निघालं. मग एकादशीचं. शेवटी आल्हाद ऑफिसला आणि हिमानी भाजीला गेली की प्रतिमाबाई घाईघाईने ठेचा कुटायच्या आणि सुधाकरराव फाटकात उभे राहून लक्ष ठेवायचे.

"माह्याच घरात मी लसूण चोरून कुटून राह्यली," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"संस्कारी लोकं हायेत. आपन थोडं अॅडजस्ट करू."

दोघांचे एक गुरुजी होते, इंदूरला राहणारे. शनिवारी वर सत्संग सुरू झाला. आधी पाच-सात माणसं यायची, मग जिन्यावर पाय ठेवायला जागा राहिना इतक्या चपला. गुरुजींचा फोटो ठेवायला उंच आसन हवं म्हणून आल्हादने सुधाकररावांची हातांची खुर्ची मागितली. नाही कसं म्हणणार? खुर्ची वर गेली, तिच्यावर भगवी शाल आली आणि ती खाली आलीच नाही. सुधाकरराव आता पेपर वाचायला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसत. त्याचा एक पाय आखूड होता, हे त्यांना तेव्हा कळलं.

एका संध्याकाळी ते गुलाम रसूलच्या गाडीवर पहिला घास तोंडात घालत होते, तेवढ्यात रेल्वे फाटक पडलं. गाड्या थांबल्या. सगळ्यात पुढच्या पांढऱ्या कारची काच खाली झाली आणि आत आल्हाद दिसला. मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. सुधाकररावांना घास गिळता येईना आणि थुंकताही येईना.

दुसऱ्या दिवशी आल्हाद आणि हिमानी खाली आले. दोघं दिवाणावर बसले. सुधाकरराव समोर स्टुलावर.

"काका, तुम्ही मांसाहार करता?" आल्हादने अगदी हळू, आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं.

"मांस कुठं? अंडं. अंडं म्हणजे, सरकारच शाळेत मुलांना देतं. डॉक्टरांनी मला प्रथिनं सांगितली आहेत."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

सुधाकररावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"किती वर्षांपासून?" हिमानीने विचारलं. "आणि काकूंना माहीत आहे?"

सुधाकररावांनी मान खाली घातली. त्यांच्या खिडकीसमोर उभी राहणारी माणसं अशीच उभी राहत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. ते आता बसल्या बसल्या तेच करत होते आणि स्टूल डुगडुगत होतं.

"प्रश्न अंड्याचा नाही, स्पंदनांचा आहे," आल्हाद म्हणाला. "पुढच्या महिन्यात गुरुजी इथे मुक्कामाला येत आहेत. हे त्यांचं भाग्य नाही, या घराचं भाग्य आहे. पण त्याआधी घराची शुद्धी करावी लागेल. आणि गुरुजी असतील तेवढे दिवस तुम्ही दोघं दुसरीकडे राहिलात तर फार बरं."

"म्हणजे आम्ही? या घरातून?"

"थोडेच दिवस, काका. गुरुजींना चालत नाही. तुम्हाला कुठे जाणं सोयीचं पडेल?"

"तसं... बुलढाण्याला मेहुणा आहे माझा," सुधाकरराव म्हणाले. नाही म्हणायची सवय असलेल्या त्या माणसाला ऐन वेळी तो शब्दच सापडला नाही.

"उत्तम. आणखी एक. गुरुवारी त्या ज्या बाई येतात ना," हिमानीने आवाज आणखी खाली आणला, "त्या एवढ्यात आल्या नाहीत तर बरं. गुरुवार आमचा विशेष वार आहे. जिन्याखालचा नळ वगैरे सगळं एकच ना."

सुधाकररावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "मी सांगतो हिला," ते पुटपुटले. "बाहेर कुठं तरी भेटत जा म्हणतो."

दारात प्रतिमाबाई उभ्या होत्या. हातात खलबत्त्यातला बत्ता होता, कारण त्या ठेचा कुटत होत्या. या वेळी आल्हाद-हिमानी घरात असतानाच कुटत होत्या, आणि लसणाचा वास खोलीभर पसरला होता.

"हिमानी," त्या म्हणाल्या, "तुमचे गुरुजी येतात तं खुशाल येऊ दे. पण त्याहीच्यासाठी मी माह्या घरातून कुठी जाणार नाही. घर माह्या नावावर हाये, हे यायनं तुमाले सांगतलं नसन. आन् बिलकिस माह्या इथं चिन्मयच्या जन्माच्या आधीपासून येते. त्याले पयलं न्हाऊ तिनं घातलं. तिचं येणं ज्याले सोसत नाही, त्यानं दुसरं घर पाहावं."

"काकू, आपला करार झालेला आहे," आल्हाद उठत म्हणाला. त्याचा विनय थोडा पातळ झाला होता.

"हाव ना. आना करार. त्यात लसूण कुठी लिहेल हाये ते दाखवा मले."

पुढच्या गुरुवारी बिलकिस आली तेव्हा प्रतिमाबाईंनी तिला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि अंड्यांचा ट्रे समोर ठेवला. त्यांनी जन्मात कधी अंडं फोडलं नव्हतं. बिलकिसने दाखवलं. पहिली दोन ओट्यावर सांडली. दोघी म्हाताऱ्या शाळकरी पोरींसारख्या हसत सुटल्या. मग कांदा, मिरची, लसूण, हळद, सगळं तेलात पडलं. प्रतिमाबाईंनी जिन्याकडचं दार सताड उघडं ठेवलं.

"खाईन कोन इतकी?" बिलकिसने विचारलं. "तू तं खात नाही."

"मी नाही खात. ज्याले लागते तो खाईन."

त्यांनी ताट वाढून बैठकीत सुधाकररावांसमोर ठेवलं. "घ्या. किती वर्षं रेल्वे फाटकावर उभं राहून खासान? बसून खा आता."

सुधाकररावांनी एक घास घेतला. वर पावलं थबकली होती. बिलकिस दारात उभी राहून कौतुकाने पाहत होती. भुर्जी गुलाम रसूलपेक्षा चांगली झाली होती, पण त्यांना ती काही केल्या गोड लागेना. चोरून खाण्याची चव तिच्यात नव्हती.

आल्हाद-हिमानीने महिना संपायच्या आत घर सोडलं. खुर्ची त्यांनी परत केली, शाल काढून घेतली आणि जाता जाता कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिलं की अमुक घरात गुपचूप अंडी खाल्ली जातात, सात्त्विक कुटुंबांनी तिथे जाण्यापूर्वी विचार करावा. सात्त्विक कुटुंबांनी विचार केला. पाटी पाहून थांबणारी माणसं शेजारचं घरमालकाचं नाव वाचून पुढे जाऊ लागली.

"आपल्यातल्या मानसानं असं करावं?" सुधाकरराव आठवडाभर म्हणत राहिले. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यांना इतकं लागलं नसतं.

प्रतिमाबाईंनी त्यांना वडनेर भोलजीला पाठवलं. फोन करू नका, स्वतः जा, म्हणाल्या. बँकेत गर्दी होती. काउंटरपुढे लोक उभे होते, त्या रांगेत सुधाकररावही उभे राहिले. त्यांचा नंबर येण्याआधी धम्मदीपने त्यांना ओळखलं, आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"तो वरचा मजला," सुधाकरराव म्हणाले, "पुन्हा रिकामा आहे. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

"मिळालं मला घर, काका. स्टँडजवळ मेडिकल आहे ना नौशादभाईंचं, त्यांना कोणी भाड्याने घर देईना, तर त्यांनी जुनं घर विकतच घेतलं. खाली ते राहतात, वर आम्ही. बायकोचीही बदली झाली."

"अस्सं. छान, छान." सुधाकररावांनी चहा संपवला. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "पाणी वगैरे?"

"भरपूर," धम्मदीप म्हणाला. "दाबही चांगला आहे."

बसमधून परत येताना सुधाकररावांनी मनाशी ठरवलं की मुलगा हुशार आहे, पण थोडा शिष्ट आहे; झालं ते बरंच झालं. असं ठरवल्यावर त्यांना हलकं वाटलं.

शेवटी भाडेकरू प्रतिमाबाईंनीच मिळवली. शालिग्रामजींची गाय अडली होती, तेव्हा सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत हात भरलेले, आणि वासरू बाहेर आल्यावर तोंडभर हसू. हात धुवायला ती सुधाकररावांच्या नळावर आली, फाटकावरची पाटी वाचून म्हणाली, "सुसंस्कृत म्हणजे कोण हो, काकू?"

"मलेबी माहीत नाही," प्रतिमाबाई म्हणाल्या. "ये, वर पाहून घे."

तिचं नाव अनुपमा. पस्तिशीची असेल, एकटी राहणारी. या वेळी खुर्चीत प्रतिमाबाई बसल्या, आणि प्रश्न विचारले ते बहुतेक अनुपमानेच.

"मला कधीही बोलावणं येतं. गेट कोण उघडणार?"

"किल्ली तुह्याजवळ ठेव."

"मी मासे खाते."

"खा. माह्या मांजरीचं भलं होईन."

"माझ्याकडे मित्र येतात. पुरुषही येतात."

"येताना चपला वळीनं ठेवा म्हनाव. मागच्या लोकाइनं लय पसारा केला होता."

सुधाकरराव स्टुलावर बसून हे ऐकत होते. त्यांनी घसा साफ केला. "आपलं पूर्ण नाव काय म्हणालात? म्हणजे आडनावासह? आणि मूळ गाव?"

"चहा ठेवा तुम्ही," प्रतिमाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "आलं घालजा."

सुधाकरराव आत गेले. साखर कोणत्या डब्यात असते हे शोधेपर्यंत बाहेर सगळं ठरून गेलं.

अनुपमाला येऊन आता बरेच महिने झाले. वरून पावलं वाजतात, हसणं ऐकू येतं, कधी गुरुवारी बिलकिसच्या चहाला तीही येऊन बसते. एकट्या बाईला ठेवणारं पुढारलेलं घर म्हणून कॉलनीत या घराचं नाव झालं आहे आणि ते नाव सुधाकरराव वापरतात. संध्याकाळी फिरायला निघताना ते घराच्या फाटकाशीच लोकांना सांगतात की मीच म्हटलं, बाई एकटी असली म्हणून काय झालं? आमच्याकडे तसं काही नसतं. हे आतून ऐकून प्रतिमाबाई पदर तोंडाला लावतात.

परवा शालिग्रामजी त्यांच्याकडे आले. त्यांनाही मागची खोली भाड्याने द्यायची होती आणि अनुभवी माणसाचा सल्ला हवा होता. सुधाकररावांनी त्यांना कट्ट्यावर बसवलं आणि पुस्तकी मराठीत सुरुवात केली.

"पहिली गोष्ट, शालिग्रामजी, फक्त माणूस पाहायचा. जात नाही, धर्म नाही, गाव नाही. ते जुने विचार झाले. माझं तर पहिल्यापासून हेच मत आहे."

"बराबर हाये," शालिग्रामजी म्हणाले. तेवढ्यात अनुपमा बूट घालून खाली आली, दोघांना "येते हं, काका" म्हणाली आणि स्कूटर काढून निघून गेली. शालिग्रामजींनी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि जवळ सरकून विचारलं, "पोरगी चांगली हाये. कोन्या समाजातली हाये, बाप्पा?"

सुधाकररावांनी मागे वळून पाहिलं. प्रतिमाबाई आत होत्या. ते पुस्तकी मराठी विसरले.

"तेच तं समजून नाही राह्यलं ना, भाऊ!" ते कुजबुजले. "विचारू देत नाही घरातली. टपाल येते त्याच्यावर फक्त 'डॉ. अनुपमा ए.' असते. करारावर हिनं सही घेतली, आन् कागद कपाटात टाकून किल्ली कमरेले लावली."

"ए," शालिग्रामजी म्हणाले. "ए म्हंजे काय असन?"

"अंभोरे असू शकते. नाहीतं आगरकर. अन्सारीबी असन, कोनाले ठाव."

"अवचार?"

"अवचारचा विचार केला मी," सुधाकरराव गंभीरपणे म्हणाले. "पन अवचार मासे खातात का?"

दोघं बराच वेळ त्यावर विचार करत बसले.